बॅटरी जपत कारखान्यापर्यंत

बॅटरी वाचवणं हा काही माझ्या आवडीचा विषय नव्हे. पण एका हिवाळ्यात मी त्यात इतकी तयार झाले, की अजून खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जातो. मग आठवतं, आता कुणासाठी वाचवायचं राहिलेलं नाही. आई जाऊन वर्ष होत आलं. गाडी अंगणात उभी असते, टपावरच्या सोलर पॅनलवर दिवसभर ऊन पडतं आणि बॅटरी आपली सकाळ-संध्याकाळ भरलेली. हे अधूनमधून आत जाऊन मीटर बघतात आणि बाहेर येतात.

हे म्हणजे माझे यजमान. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे दिवे लावले. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर बागेच्या कट्ट्यावर बसून राजकारण करतात. ह्यांनी शाळेची मुलं ने-आण करून थकलेली एक मिनीबस विकत घेतली, आतल्या सीटा उपटल्या आणि तिचं घर करायला घेतलं. दोन पलंग, छोटा ओटा, फ्रीज, पाण्याची मोटर, छताला निळ्या दिव्यांची माळ. मिक्सरसुद्धा बसवला. मी म्हटलं, अहो, जंगलात जाऊन चटणी कुणासाठी वाटायची? तर म्हणाले, असू दे, सोय असलेली बरी.

पहिल्याच खेपेला राजूरच्या पुढे डोंगरात जाऊन राहिलो. संध्याकाळी ह्यांनी गाडीतलं जे जे लागतं ते सगळं लावलं. निळी माळ, पंखा, फ्रीज, मोबाईलवर गाणी. मी मुद्दाम चटणीही वाटून घेतली. सकाळी उठलो तर गाडीत सगळं गप्प. दिवा नाही, मोटर नाही, फ्रीजमधलं दूध नासलेलं आणि दोघांचे फोन मेलेले. राजूरच्या बाजारात चहाच्या टपरीवर फोन चार्जिंगला लावून आम्ही दोघं बाकड्यावर बसलो, तेव्हा हे मान खाली घालून चार्जरची वायर सरळ करत होते. जन्मभर बॅटऱ्यांत हात घातलेल्या माणसाची बॅटरी बसली होती, आणि ती बायकोसमोर बसली होती. मी चहा संपेपर्यंत हसू दाबून धरलं. मग हसले ते पार घाट उतरेपर्यंत.

घरी आल्यावर ह्यांना वाचवण्याचं वेड लागलं. सगळ्यात जास्त खातो तो फ्रीज, म्हणून त्याला सुट्टी. पाणी ओल्या फडक्यातल्या मडक्यात, दूध लागेल तसं वाटेत घ्यायचं. मग इन्व्हर्टर. तो नुसता चालू ठेवला, त्यावर काहीच लावलं नाही, तरी बसल्या जागी खातो, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तुमच्या एका भावासारखा. त्यावर हे हसले नाहीत. मिक्सर काढला. निळी माळ काढली. पाण्याची मोटर बंद करून कळशी आणि तांब्या आणला. फोन चार्ज करायचा तो गाडी चालू असतानाच. रोज सकाळी पॅनल ओल्या फडक्याने पुसायचं, कारण आमच्या नगरी धुळीत ते दोन दिवसांत मळतं. मला हा सगळा जाच वाटायचा. सुखासाठी गाडी घेतली आणि तिच्यात राहायचं ते चोरासारखं अंधारात, असं मी येईल-जाईल त्याला सांगायचे.

पण पुढे हाच जाच आमच्या उपयोगी पडला, कारण आई आमच्याकडे राहायला आली.

माझं माहेर पाथर्डीच्या पुढचं, कोरड्या डोंगराच्या कडेचं गाव. आईवडील ऊस तोडायला जायचे. दसरा-दिवाळी उरकली की वस्तीवरच्या गाड्या जुंपल्या जायच्या, भांडीकुंडी, कोंबड्या, अंगावर पिणारी पोरं सगळं गाडीत चढायचं आणि टोळी श्रीरामपूरच्या बाजूच्या कारखान्याकडे निघायची. ती थेट उन्हाळ्यात परत. माझा धाकटा भाऊ गाडीत चढायचा. मी नाही. मी शाळेत हुशार निघाले, हाच माझा गुन्हा. गुरुजींनी आईला बजावून ठेवलं होतं, ही पोरगी शिकंल, हिला कोयत्याच्या मागं नेऊ नका. म्हणून मला थोरल्या चुलतीकडे ठेवायचे. चुलती वाईट नव्हती. वेळेवर भाकरी घालायची, डोक्याला तेल लावायची. पण गाड्या निघायच्या त्या दिवशी मी मागे पळत जायचे, पार ओढ्यापर्यंत. भाऊ गाडीतून हात करायचा. आई मात्र कधी मागे वळून बघायची नाही. त्याचा मला राग होता. मी शिकले, शिक्षिका झाले, माझी मुलं लग्नाची झाली, तरी तो राग कुठेतरी होताच. बाकीची पोरं ज्या हालातून सुटायला धडपडायची, त्या हालाचा मला हेवा वाटायचा. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, तिच्यात थंडीने काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. पण त्या कोपीत माझी आई होती आणि मी नव्हते.

धुराने आणि उसाच्या फडातल्या धुळीने आईची छाती कामातून गेली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. दिवसा बसल्या जागी तिला फारसं लागायचं नाही, पण आडवी झाली की नळी नाकात हवीच. मशीन फुस्स-फुस्स करत चालायचं. ती त्याला भाता म्हणायची. लोहाराचा असतो तसा. "लाव गं माजा भाता," असं म्हणून ती पलंगावर अंग टाकायची. मी त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाले होते, त्यामुळे दिवसभर तिच्याजवळ असायचे. इतकी सलग ती मला लहानपणी कधी मिळाली नव्हती.

एक दिवस तिने अंगणातली गाडी बघितली आणि ह्यांना म्हणाली, "पाव्हणं, या गाडीत भाता चालतुया का?"

हे म्हणाले, "चालवला तर चालंल. का हो मामी?"

"मला त्या वाटंनं एकदा न्या. आमच्या गाड्या जायच्या त्या वाटंनं. कारखान्यापातूर."

मी म्हटलं, "आई, आता तिथं काय ठेवलंय?"

"काय न्हाई ठिवलं. पर न्या."

ह्यांना असं काही मिळालं की बघायला नको. घरातलं मोठं मशीन इन्व्हर्टरवर लावलं तर बॅटरी उजाडेपर्यंत पुरणार नव्हती. म्हणून ह्यांनी शोधून एक छोटं मशीन भाड्याने आणलं, जे गाडीच्या बॅटरीला सरळ वायरने जोडता येतं. मध्ये इन्व्हर्टर नको, म्हणजे वाटेत गळती नको. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एवढ्याशा प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलं. मग गाडीतलं उरलंसुरलं जे काही होतं तेही ह्यांनी बंद केलं. एक लहानसा दिवा ठेवला. बाकी सगळी बॅटरी भात्याची, असा हुकूम निघाला.

सरळ गेलं तर हा रस्ता सकाळचा चहा घेऊन निघावं आणि जेवायला पोहोचावं एवढाच. पण आईला ते मान्य नव्हतं. बैल जिथे सोडायचे तिथे थांबायचं, त्याशिवाय ती वाट नव्हेच, असं तिचं म्हणणं. म्हणजे वाटेत मुक्काम आले, आणि मुक्काम आला की बॅटरी आली. गाडी धावताना बॅटरी थोडी भरते, पण आमचे टप्पे बैलाच्या चालीचे. तेवढ्यात काय भरणार?

जानेवारीत आम्ही माहेरच्या गावातून निघालो. ओढा ओलांडला तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. मागे पळणारं कुणी नव्हतं. आई पुढे बसली होती, ह्यांच्या शेजारी, आणि वाट सांगत होती. इथे विहीर होती, इथे एक बैल बसला होता तो उठलाच नाही, इथे पाऊस लागला आणि सगळी गाडीखाली झोपली. मी तिच्या मागे पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते. लहानपणी जे ऐकायला मिळालं नाही ते मी आता निवृत्त होऊन ऐकत होते.

पहिल्या मुक्कामाला शेवगावच्या अलीकडे एक मोठं कडुलिंबाचं झाड सापडलं. आईने ते ओळखलं. गाडी त्याच्या सावलीतच लावा, असा तिचा हट्ट. हे म्हणाले, मामी, माणसाला सावली लागती, पण पॅनलला ऊन लागतं. शेवटी गाडी उन्हात आणि आई झाडाखाली खुर्चीवर, असा तोडगा निघाला. दिवस कलायच्या आधीच तिने मला स्वयंपाकाला लावलं.

"उजेड हाय तवर खाऊन घ्यायचं," ती म्हणाली. "आमच्या टोळीला येकच कंदील. रॉकेल कुठून आनायचं? उजेडात भाकरी, उजेडात भांडी. मग नुसतं बोलत बसायचं. बोलायला कुठं दिवा लागतुया?"

हे माझ्याकडे बघून विजयी चेहऱ्याने हसले. ह्यांना जे सुचायला एक अख्खी बॅटरी बसावी लागली, ते माझी आई जन्मभर करत आली होती. त्या दोघांचं त्या दिवसापासून फार जमलं. मीटरवर किती आहे हे आता ती ह्यांना सारखं विचारायची आणि हेही तिला बस सुटायची वेळ सांगावी तसं सांगायचे. ती आडवी झाली, भाता सुरू झाला, आणि मी तिच्या शेजारी अंधारात पडून राहिले. ती मुक्कामाच्या गोष्टी सांगत होती. कितीतरी वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते मिळत असताना ते संपणार याचीच मला हुरहुर लागून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ आलं. नगर जिल्ह्यात पाऊस मागून मिळत नाही, पण त्या दिवशी नको असताना ढग मात्र आले. पॅनलने दिवसभर जेमतेम काहीतरी भरलं. नेवाशाच्या पुढे नदीच्या बाजूला आईने सांगितलेल्या जागी आम्ही थांबलो, तेव्हा मीटर निम्म्याच्या खाली होता. हे चहा पिता पिता म्हणाले, "आता असं आहे, सकाळी बॅटरी बऱ्यापैकी राहिली तर पुढं जाऊ. नाही राहिली तर इथूनच मागं फिरू. मामींच्या भात्याशी खेळ नको."

बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. आईने मीटरकडे एकदा बघितलं. तिने भाकरी लवकर खाल्ली, लवकर आडवी झाली. मी तिला नळी लावली, मशीन चालू केलं, पांघरूण घातलं आणि भांडी घेऊन बाहेर आले. अजून चांगला संधिप्रकाश होता. कळशीतलं पाणी काटकसरीने घेत मी ताटं घासली. हे टपावर चढून पॅनल पुसत होते. सूर्य गेलेला असताना पॅनल पुसून काय मिळणार, पण हातांना काम हवं होतं.

भांडी घेऊन मी दारात आले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळलं नाही. मग कळलं, की गाडीत आवाजच नव्हता. भाता बंद होता.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नळी नाकात तशीच, पांघरूण नीट गळ्यापर्यंत. मी तिला वळवलं तर ओठ जांभळे पडलेले. छाती भराभर वरखाली होत होती आणि डोळे उघडे होते. मी बटण दाबलं. मशीन लगेच सुरू झालं. मशीनला काही झालं नव्हतं, बॅटरीलाही नाही. तिने हात लांब करून स्वतः बंद केलं होतं.

माझ्या हाकेने हे टपावरून कसे उतरले मला माहीत नाही. आत येऊन त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, पुढे जाऊन इंजिन सुरू केलं आणि तसंच चालू ठेवलं. एकेका दिव्यासाठी माझ्याशी भांडणारा हा माणूस उभ्या गाडीत डिझेल जाळत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी आईला उशांना टेकवून बसवलं, तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावलं आणि त्यातला आकडा वर चढायची वाट बघत राहिले. तो चढायला लागला, ओठांचा रंग बदलला, तेव्हा कुठे मला राग आला.

"का बंद केलंस?"

ती थांबत थांबत म्हणाली, "सकाळी बॅटरी ऱ्हायली तर फुडं जायाचं, आसं पाव्हनंच म्हनले. म्हनलं जरा ऱ्हाऊ द्यावी. थोडा येळ बंद ठिवते, मग लावते."

"अगं, पण ही बॅटरी तुझ्यासाठीच वाचवतोय ना आम्ही! फ्रीज बंद, दिवे बंद, सगळं तुझ्या भात्यासाठी. आणि तूच भाता बंद केलास?"

"कंदील समद्यांचा आसतुया," ती म्हणाली. "आपल्यापायी टोळीची वाट आडाया नगं."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. आयुष्यभर स्वतःच्या ताटातलं काढूनच काटकसर करायची, हे तिला माहीत. वाचवायचं म्हटल्यावर तिने आधी स्वतःचा श्वासच काढून ठेवला. मला तिचा इतका राग आला होता आणि ती मला इतकी हवी होती, की मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. ती म्हणाली, बोटातलं यंत्र टोचतंय.

इंजिनाच्या आवाजावरून पुढून ह्यांचा आवाज आला. "मामी, कारखान्यापर्यंत जायचंच. बॅटरी राहो न राहो. पण बटणाला हात लावायचा नाही."

"मग वस्तीवर इचारा की," आई म्हणाली. तिचा श्वास आता बरा चालला होता. "आमी वस्तीवर पानी मागायचो, चुलीला इस्तू मागायचो. कोन न्हाई म्हनत न्हवतं. तुमी करंट मागा."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. शिकलेली, नोकऱ्या केलेली माणसं आम्ही. कुणापुढे हात पसरायचा नाही, आपलं आपल्याजवळ असावं, या एका गोष्टीसाठी इतके दिवस मीटर बघत बसलो होतो. समोरच, उसाच्या पलीकडे, एका वस्तीवर दिवा लागलेला दिसत होता. हे गेले आणि थोड्या वेळात एका माणसाला घेऊन आले, त्याच्या खांद्यावर वायरचं वेटोळं. त्याने गोठ्यातून वायर ओढून गाडीला दिली. आईकडे बघून म्हणाला, "आजे, सकाळी च्या प्यायला या." मग इंजिन बंद झालं, आणि भाता बिनघोर चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि आम्ही कारखान्यावर पोहोचलो. आईच्या आठवणीतली जागा तिथे नव्हती. रस्ता रुंद झालेला, बाजूला पेट्रोलपंप, हॉटेलं. पण गाळप जोरात चालू होतं, मळीचा तो आंबूस वास सगळीकडे होता, आणि जरा पुढे मोकळ्या रानात कोप्या होत्या. आता पाचटाबरोबर त्यांवर निळे-पिवळे कागद घातलेले. बैल होते, बैलांसाठी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या होत्या, बाजल्यावर वाळत घातलेली गोधडी होती. आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

आम्ही तिला खाली उतरवून खुर्चीवर बसवलं. उतरताना ती दमली होती, म्हणून नळी दारातून बाहेर काढली. मशीन गाडीत आणि आई कोप्यांसमोर उन्हात. मी तिच्या मागे उभी होते. मला वाटत होतं, ही आता रडेल, किंवा कुणा जुन्या माणसाची चौकशी करेल. डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली एक बाई जाताजाता थांबली. तिने नळी बघितली, गाडी बघितली, मग आईला विचारलं, "कुठल्या म्हनायच्या आजी? हिकडं कुनाकडं आलाव?"

आईने गाव सांगितलं. ते पाथर्डीकडचं गाव ऐकून बाईचा चेहरा उजळला, कारण तीही त्याच बाजूची होती. मग तिने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. "ह्या कोन?"

"माजी लेक," आई म्हणाली. "साळंपायी दरसाली मागं ठिवायची. वळून बगाया नगं, बगितलं तर पाय उचलायचा न्हाई, म्हनून बगतबी न्हवते. या खेपंला आनली संगं."

बाई म्हणाली, "बरं केलं," आणि हंडा सावरत निघून गेली.

मला वाटत होतं, आम्ही आईला आणलं. आईने मागे न बघताच हात मागे केला, माझा पदर धरला आणि मला पुढे ओढलं.

"हुबी का? बस हितं," ती म्हणाली. "आता कुठं साळा हाय तुला."

मी तिच्या पायाशी मातीत बसले.